क्रूझच्या आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करायचाच, का रात्रीच्या गाडीनं उतरून थेट बंदर?

मांजराकाठ (लातूर)

घरात यावरनं दोन तट पडलेत म्हणून इथं मांडायले. आई-बाबांच्या लग्नाला येत्या डिसेंबरात ५० वर्षं होतात, तर आम्ही भावंडांनी मिळून बेत केलाय, मुंबई ते गोवा क्रूझ, एक रात्र जहाजात, अन गोव्यातून गाडीनं आंबोली, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर करत लातूरला परत. नऊ जण आहोत, त्यात आई-बाबा, मावशी अन दोन लहान लेकरं. थोरले दादा म्हणायलेत की लातूर एक्स्प्रेसनं रात्री बसू, सकाळी सीएसएमटीला उतरू, दुपारी जहाजात चढू, गोव्याला उतरलो की त्याच दिवशी गाडी धरून रात्री कोल्हापूर. म्हणजे मुंबईचं हॉटेल बी वाचलं अन गोव्याचं बी.

मला हे अजिबात पटत नाही. सगळ्या प्रवासात जहाज ही एकच गोष्ट अशी आहे जी आपल्यासाठी थांबत नाही. ट्रेन चुकली तर एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहे, हॉटेलात उशिरा गेलं तरी खोली आपलीच असते, पण जहाजाचं चेक-इन बंद झालं की पैसे गेले, अन पुढच्या बंदरात चढू देतील याची काही हमी नसते. वर जहाज सुटायची वेळ वेगळी अन चेक-इन बंद व्हायची वेळ वेगळी, ती बरीच आधीची असते, अन लोक सुटायची वेळच डोक्यात धरून बसतात. म्हणून माझं म्हणणं, जो काही मोकळा वेळ अन जादाचा पैसा आहे तो जहाजाच्या आधी घाला. आदल्या दुपारपर्यंत मुंबईत पोचायचं, फोर्ट नाहीतर बॅलार्ड इस्टेटकडं रात्र काढायची. पैसे कुठून आणायचे तर बाल्कनीची केबिन सोडून आतली बिनखिडकीची घ्या, एका रात्रीसाठी तिथं फक्त झोपायलाच जायचंय, बाकी वेळ माणूस डेकवरच असतो. अन गोव्यात उतरायच्या दिवशी पुढचं काहीच पक्कं ठेवायचं नाही. तुमचं काय मत?

पूर्णा_जंक्शन

ताई, राग मानू नका पण उगंच भीती घालायलात. गाडी सकाळी सीएसएमटीला लागते, तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं, अन चेक-इन बंद व्हायला दुपार उलटते. मधी पाच-सहा तास रिकामे आहेत की. गाडी तीन तास लेट झाली तरी तुम्ही पोचताच. नऊ माणसं म्हणजे फोर्टमधी तीन खोल्या, रात्रीचं जेवण, दोन-तीन टॅक्स्या, सकाळचा नाष्टा, ह्या पैशात कोल्हापूरला दोन रात्री आरामात निघतात. आपल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या रात्रीच्या गाडीनं जाऊन मंत्रालयातली कामं उरकून रात्रीच्या गाडीनं परत आलेत. सामान क्लोकरूममधी टाका, म्हाताऱ्या माणसांसाठी स्टेशनवरच रिटायरिंग रूम बुक करा, आंघोळी उरका, जेवा अन जा. दादांचं बरोबर आहे.

मोंढा_नाका (संभाजीनगर)

पूर्णादादा, तुमचा हिशेब गाडी तीन तासच लेट होईल ह्या भरवशावर उभा आहे. आपल्या मेन लाईनवर परभणी ते संभाजीनगर अजून एकेरी मार्ग आहे, दुहेरीकरणाला मंजुरीच २०२५ मधी मिळाली, तोवर क्रॉसिंगला आडरानात थांबणं चुकत नाही. लातूरची गाडी कुर्डुवाडी-पुण्याकडून जाते म्हणून ताईंना हा त्रास नाही, पण हा धागा नांदेड-परभणी-जालन्याचे लोक बी वाचायलेत. नांदेडची वंदे भारत आहे म्हणून कुणी खूश होऊ नका, ती पहाटे निघून सीएसएमटीला दुपारी अडीचच्या आसपास पोचते, त्या गाडीनं त्याच दिवशी जहाज धरायला जाणं म्हणजे सगळंच टांगणीला. आदल्या दिवशी जायला मात्र ती एक नंबर.

दुसरं, जे कुणीच बोलंना. क्रूझ चार-सहा महिने आधी बुक होते अन रेल्वेचं बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, आधी १२० होते. म्हणजे जहाज पक्कं झालं तेव्हा ट्रेन तुमच्या हातात नसतेच. नऊ जणांचं एकदम कन्फर्म, त्यात म्हाताऱ्यांना खालचे बर्थ, हे डिसेंबरात सोपं नाही. आदल्या दिवशीचा मुक्काम धरला की आमच्या लाईनवर तपोवन आहे, जनशताब्दी आहे, नंदीग्राम, देवगिरी आहे, कोणत्याही गाडीनं जाता येतं. त्याच दिवशी पोचायचं म्हटलं की एकाच गाडीच्या वेटिंग लिस्टकडं बघत बसायचं.

जालना_एमआयडीसी

एवढा ट्रेनचा घोळ कशाला घालायलात? समृद्धी जून २०२५ मधी शेवटपर्यंत झाली, इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा उघडला अन नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर सलग झाले. आमच्या जालन्याहून पहाटे निघालं की दुपारच्या आत भिवंडी. पुढं ठाण्याचा ट्राफिक सोसायचा, मुलुंड, घाटकोपर अन मग ईस्टर्न फ्रीवे, तो बंदराच्या बाजूलाच पी डिमेलो रोडला उतरवतो. आपली गाडी, आपला वेळ, म्हाताऱ्यांसाठी पाहिजे तिथं थांबता येतं. फक्त टायरमधली हवा अन टायरचं वय बघून निघा, १२० च्या स्पीडनं तासन्‌तास सरळ रस्त्यावर पळवल्यावर जुने टायर दगा देतात.

मांजराकाठ

काका, पण आमचं जहाज एकाच बाजूचं आहे. आम्ही गोव्यात अन गाडी मुंबईत पार्किंगला, मग ती आणायला कोण जाणार? अन लातूरहून समृद्धी धरायला जालन्याला जाणं म्हणजे उलटा वळसा. जहाज मुंबईहून निघून मुंबईलाच परत येत असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर.

जालना_एमआयडीसी

एकाच बाजूचं हे ध्यानात आलं नव्हतं. मग एक करा, गाडीबरोबर ड्रायव्हर धाडा. तुम्ही ट्रेननं मुंबई गाठा, ड्रायव्हर लातूरहून सोलापूर, कोल्हापूर करत गाडी सरळ गोव्याला आणील. रिकाम्या फेरीचं डिझेल अन त्याचा भत्ता जाईल पण गोव्यातनं एकतर्फी टॅक्सी केली तर ती बी परतीचं भाडं लावतेच.

अंबाजोगाईची_लेक

मी गेल्या हिवाळ्यात सासू-सासऱ्यांना घेऊन असंच गेलते म्हणून सांगते, ह्यात दिवसभराच्या दगदगीचा विचार कुणीच केलेला नाही. ट्रेनमधी म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही. सकाळी उतरलं की हमाल, टॅक्सी, काळी-पिवळीत चारच माणसं बसतात, मग नऊ जणांचं सामान तीन गाड्यांत फाकतं. टर्मिनलवर आधी गेटवर आधारकार्ड अन बोर्डिंग पास बघतात, मग मोठ्या बॅगा टॅग लावून काढून घेतात, मग स्कॅनिंग, मग काउंटर, फोटो, कार्ड मिळतं, तेच कार्ड खोलीची चावी अन त्यावरच जहाजातला खर्च. प्रत्येक ठिकाणी रांग. आमच्या सासऱ्यांना गुडघ्यामुळं उभं राहवत नव्हतं, तिथं व्हीलचेअर मिळाली पण आधी सांगून ठेवलती म्हणून. अन बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ झाली. तोवर हातातल्या पिशवीत जे आहे तेच आपलं. इन्शुलिन, बीपीच्या गोळ्या, चष्मा, लेकरांचा एक-एक कपड्यांचा जोड, सासूबाईंची जपमाळ, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत होतं म्हणून निभावलं.

आता हेच सगळं रात्रभर जागलेल्या माणसानं करायचं म्हटलं तर जहाजात पाय ठेवल्यावर तो झोपणार. एवढा खर्च करून सूर्यास्त बघायचा तर रात्री नीट झोप पाहिजे. मी पूर्णपणे मांजराताईंच्या बाजूची. ताई, आमदार निवासाची खोली मिळते का बघा, ओळखीतनं पत्र मिळालं तर. आपल्याकडचे कितीतरी लोक कामाला गेले की तिथंच उतरतात, अन डिसेंबरात अधिवेशन नागपूरला असतं तर मुंबईत गर्दी कमी असायला पाहिजे.

पूर्णा_जंक्शन

अंबाजोगाईच्या ताईंचं दगदगीचं पटलं. पण मग सगळ्या नऊ जणांनी आदल्या दिवशी कशाला जायचं? आई-बाबा, मावशी अन एक जण सोबत असे चौघं आदल्या दिवशी जाऊ देत, दोन खोल्या. बाकीचे रात्रीच्या गाडीनं. खर्च अर्ध्यावर येतो अन म्हाताऱ्यांची झोप बी होते.

मांजराकाठ

अन रात्रीची गाडी खोळंबली तर आई-बाबा जहाजात अन त्यांची लेकरं, नातवंडं कर्जतला? ५० वर्षांचा सोहळा आहे दादा, सगळे एकत्र नसतील तर जहाज कशाला. ही वाटणी मला मान्य नाही.

नळदुर्ग_रोड

मी तर म्हणतो हे मोठं जहाजच सोडा. समुद्राची हौस आहे ना, मग गाडीच जहाजात घाला. भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याला रो-रो २०२० पासून चालू आहे, तासाभरात कारसकट पलीकडं. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याहून दिघीला जंगल जेटी, म्हणजे गाडी नेणारी फेरी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वी, परत फेरी. केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळहून धोपावे, फेरी. गुहागर. तवसाळहून जयगड, फेरी. गणपतीपुळे, रत्नागिरी. अन रत्नागिरीहून सुटलेला हायवे आंबा घाट, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर करत लातूर-नांदेडला तुमच्या दारातनंच नागपूरला जातो. एक फेरी चुकली तर तासाभरानं दुसरी. ना चेक-इन, ना टॅग, ना दंड. जिथं आवडलं तिथं घरगुती खोली घ्यायची, सोलकढी अन मोदक खायचे. जहाजात एका रात्रीला जेवढा पैसा जातो तेवढ्यात हे आठ दिवस होतं.

मांजराकाठ

हा मार्ग लिहून ठेवते, मनापासून सांगते, पुढच्या वर्षी आम्ही बहिणी नक्की जाणार. पण ह्यावेळी आईनं तोंडानं मागितलंय की मला एकदा जहाजात झोपायचंय. आमच्या आईनं आजवर कधी काही मागितलेलं आठवत नाही. त्यामुळं जहाज राहणारच, त्यावर चर्चा नको.

मोंढा_नाका

मग गोव्याच्या बाजूचं बोलू. दादांचा तो दुसरा हट्ट, उतरल्यादिवशी कोल्हापूर, त्याबद्दल कुणीच काही म्हणंना. जहाज लागलं म्हणजे लगेच उतरता येत नाही, डेकप्रमाणं सोडतात, मग बॅगा शोधायच्या. मुरगाव बंदर वास्कोच्या टोकाला आहे. तिथून कोल्हापूर आंबोलीमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, घाट धरून. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, म्हणजे घाट अंधारात, गाडीत लेकरं अन म्हातारी माणसं. कशाला? त्या दिवशी फारतर सावंतवाडीपर्यंत जा, दोन-अडीच तासांत पोचाल, गोव्यातल्या डिसेंबरच्या रेटपेक्षा खोल्या बी स्वस्त पडतील, अन दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात आंबोली चढा.

अन ज्यांना गोव्यात गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचीय त्यांनी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची घेतली तर पोलिसांनी अडवल्यावर दंड. अन ती गाडी बहुतेक ठिकाणी गोव्यातच परत द्यावी लागते, लातूरला आणता येत नाही. आमच्या संभाजीनगरच्या लोकांना गोव्याहून गाडी नको असेल तर वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्स्प्रेस आहे, ती पुणे, दौंड, नगर करत मनमाडला येते, तिथं बदली करा.

पूर्णा_जंक्शन

सावंतवाडीचं एकदम बरोबर, घाट अंधारात नकोच. पण मुंबईच्या तीन खोल्यांवर मी ठाम आहे, तो खर्च टाळता येतो.

मांजराकाठ

दादांना हे सगळं पाठवलं. ड्रायव्हर गाडी घेऊन गोव्याला येणार अन सावंतवाडीत मुक्काम, ह्या दोन गोष्टींना ते हो म्हणाले. मुंबईवर अजून अडून बसलेत. मी फोर्टमधल्या तीन खोल्या फ्री कॅन्सलेशनवर धरून ठेवायले, त्यात एक खोली लिफ्टजवळची मागितलीय बाबांसाठी. रेल्वेचं बुकिंग उघडलं की सकाळी आठला दोघी बहिणी दोन मोबाईल घेऊन बसणार, आदल्या दिवशीची तिकिटं आधी बघणार. सावंतवाडीत तलावाच्या बाजूला घरगुती जेवण मिळणारी, खाली तळमजल्यावर खोल्या असलेली जागा कुणाच्या माहितीत असेल तर सांगा, मावशीला जिने चढवत नाहीत.