ल्युकेमियाच्या उपचारात फुप्फुसात बुरशी: गोळ्या का देत नाहीत?

प्रश्न (पालक, सेलू तालुका)

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असून छत्रपती संभाजीनगर येथे त्याच्या उपचाराचा पहिला टप्पा सुरू आहे. पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्यावर आलेला ताप अँटिबायोटिकला दाद देईना, म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला. त्यात डाग दिसले. बुरशीचा संसर्ग असावा असे सांगून डॉक्टरांनी शिरेतून अँफोटेरिसिन सुरू केले आणि या आठवड्याचे व्हिन्क्रिस्टीन हे केमोचे औषध पुढे ढकलले. आमच्या एका नातेवाइकांना बुरशीवर व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या होत्या; मग मुलाला ही सलाइन कशासाठी? केमो लांबल्याने मूळ आजार उसळणार तर नाही ना? घरी असताना अंगणातच सोयाबीनची मळणी झाली होती आणि तिथे कडब्याची गंजीही आहे, त्यामुळे त्याचे आजोबा स्वतःलाच दोष देत आहेत.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, लातूर)

दादा, गोळ्या न देण्यामागे ठोस कारण आहे. व्हिन्क्रिस्टीनचा निचरा यकृतातील ज्या एन्झाइममुळे होतो, तेच व्होरिकोनॅझोल अडवते. दोन्ही एकत्र पडली की व्हिन्क्रिस्टीन अंगात साचून नसांवर परिणाम करते: पोट फुगते, शौचास होत नाही, जबडा दुखतो, पावले लुळी पडतात, सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. पहिल्या टप्प्यात व्हिन्क्रिस्टीन बहुधा दर आठवड्याला असते, त्यामुळे दोन्हींमध्ये अंतर ठेवायला जागाच उरत नाही. अँफोटेरिसिनची अशी टक्कर होत नाही.

दुसरे कारण म्हणजे बुरशी नेमकी कोणती हे लगेच कळत नाही. ॲस्परजिलस ही बुरशी असेल तर व्होरिकोनॅझोल उत्तम, पण 2021 मध्ये आपल्याकडे घरोघरी ज्याचे नाव पोहोचले त्या म्युकरवर (काळ्या बुरशीवर) ते चालत नाही. अँफोटेरिसिन दोन्हींवर वापरता येते. बुरशी शोधणारी गॅलॅक्टोमॅनन ही रक्तचाचणीही म्युकर दाखवत नाही, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. त्यातच स्टेरॉइड आणि ॲस्परॅजिनेज या ल्युकेमियाच्या औषधांमुळे साखर वाढलेली असेल, तर म्युकरची शंका अधिकच बाळगावी लागते.

केमोबद्दल सांगायचे तर, थोडे दिवस थांबणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. बुरशीला खरी हटवतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि त्या वर येईपर्यंत मुलाला सांभाळून नेणे हाच या विरामाचा हेतू असतो. मात्र तो गरजेपेक्षा लांबू नये याकडे तुमचे डॉक्टर लक्ष ठेवतीलच. पेशी वाढू लागल्या की पुढच्या स्कॅनमध्ये डाग काही काळ मोठे दिसू शकतात. मूल सुधारत असेल, तर केवळ त्या चित्रावरून औषध हरले असे समजू नये. खोकल्यातून रक्त पडले तर मात्र त्या क्षणी सिस्टरांना सांगा.

उत्तर (एक आई, बीड)

भाऊ, आमच्या मुलीलाही अँफोटेरिसिन दिले होते. बाटली अर्ध्यावर आली की हुडहुडी भरायची, दातावर दात आपटायचे आणि दोन पांघरुणेही पुरत नसत. सिस्टर आधी हुडहुडीचे इंजेक्शन देऊ लागल्या तेव्हा त्रास पुष्कळ कमी झाला. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) आकडे रोज वहीत लिहून ठेवा. पोटॅशियम उतरले म्हणून कोणी नारळपाणी पाजायला सांगेल, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. अँफोटेरिसिनचा लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेला) प्रकार मूत्रपिंडाला सोसवतो, पण महाग पडतो. तो लिहून दिला असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कक्षात आधी चौकशी करा.

उत्तर (परिचारिका, जालना)

आजोबांना एवढे जरूर सांगा, की बुरशीचे बीजाणू (तिचे बियांसारखे सूक्ष्म कण) हवेत सगळीकडे असतात. निरोगी माणूसही ते रोज श्वासावाटे घेतो आणि त्याला काही होत नाही. मुलाने ते नेमके कुठे घेतले हे कोणालाच ठरवता येणार नाही. पुढची काळजी मात्र घ्यायलाच हवी. पावसात भिजलेली पेंढी सोडताना जो काळपट धुरळा उडतो, त्यात बुरशी भरपूर असते. मुलगा घरी येण्याआधी गंजी अंगणातून हलवा, पण हे काम तो घरात असताना करू नका. कुट्टी, मळणी किंवा भिंत फोडण्याचे काम निघाले तर त्याला दुसऱ्याच घरी ठेवा. धान्याची पोती रचलेल्या खोलीत त्याला झोपवू नका. ताप आला तर गावात गोळी देऊन वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा, मग रात्र असली तरी.