‘तुटणे’ मुळात कुठून आले?

प्रश्न: मुलीने विचारले, दोरी तुटते, काच फुटते, काठी मोडते; असे वेगवेगळे का? मला नीट सांगता आले नाही. ‘तुटणे’ आणि ‘त्रुटी’ एकाच मुळाचे का?

उत्तर: हो. संस्कृत ‘त्रुट्’ धातू, प्राकृतात ‘तुट्टइ’, मराठीत ‘तुटणे’. त्याचे प्रयोजक रूप ‘तोडणे’. ‘तुटवडा’, ‘तुटपुंजा’ हे त्याच घरातले. म्हणून या शब्दात सलगपणा संपण्याचा, काही कमी पडण्याचा भाव आहे. दोरी, संपर्क, ताटातूट आठवा.
‘फुटणे’ मात्र ‘स्फुट्’पासून. त्यात आतून उघडणे, उमलणेही आहे. म्हणून पालवी फुटते, वाचा फुटते, पहाट फुटते. मला हा शब्द फार प्रिय आहे, नाश आणि जन्म दोन्ही एकाच क्रियापदात!

दुसरे उत्तर: ‘मोडणे’ राहिले की. लग्न मोडते, शब्द मोडतो, नोट मोडतो, नव्या लुगड्याची घडी मोडतो. शेवटच्या दोन्हींत नुकसान काहीच नाही.

प्रश्नकर्ती: मग नाते तुटते की मोडते?

उत्तर: नाते तुटते, ठरलेले लग्न मोडते.