शेफील्डचा जुना दोन पात्यांचा चाकू: मोठं पातं डुगडुगतंय, सगळे खिळे काढावेत का?

जुनीइंदूर_०९
मंडळी, घरच्या जुन्या सामानातला चाकू दुरुस्त करायला घेतलाय. मिटलेला असताना साधारण ९ सेंमी, दोन पाती, हाडाची मूठ, दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरचे बोल्स्टर, म्हणजे धातूच्या टोप्या. मोठ्या पात्याच्या बुंध्यावरचा (मुठीकडच्या, धार नसलेल्या भागावरचा) ठसा पुसट आहे, पण तारा आणि माल्टीज क्रॉस ओळखू येतात, खाली ‘शेफील्ड’. मोठं पातं उघडल्यावर आडवं हलतं. लहान पात्याला खटकाच उरला नाही, सरकत सरकत मिटतं. मुठीला एका खिळ्यापासून बारीक चीर गेली आहे. पात्यांवर करडी छटा आणि मधेमधे तांबडा गंज. सगळे खिळे काढून चाकू नव्यानं बांधायचा विचार आहे. खिळ्यांसाठी पितळेची तार इथे इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल, पण माप कुठलं घ्यायचं?

कानसवाला
खिळे आत्ता काढू नका. तारा आणि क्रॉस ही जोसेफ रॉजर्सची खूण, इंग्लंडमधल्या शेफील्डची जुनी चाकू बनवणारी कंपनी. अशा चाकूत मूळ खिळे जागेवर असणं हीच मोठी गोष्ट, एकदा ड्रिल लागलं की ते गेलं.

लहान पातं सरकत मिटतं म्हणून स्प्रिंग मेली असं समजू नका. बहुतेक वेळा वाळून डिंकासारखं झालेलं तेल आणि गंजाची पूड बुंधा नि लायनर (मुठीच्या आतली धातूची पट्टी) यांच्या फटीत अडकलेली असते. त्यामुळे पातं जड होतं आणि स्प्रिंगला झटक्यानं खाली बसता येत नाही. सांध्यात शिलाई मशीनचं तेल २-३ थेंब सोडा, पातं १५-२० वेळा उघडमीट करा, बाहेर येणारा काळा चिखल कापडानं आणि टूथपिकनं काढा. तेल स्वच्छ येईपर्यंत हेच. घाई करून पक्कड लावलीत तर पात्यावर दातांचे व्रण उठतील.

तांबडा गंज तेल लावून चार शून्य (००००) नंबरच्या बारीक स्टील वूलनं काढा, टणक पुटकुळ्या पितळेच्या पट्टीच्या कडेनं खरवडा. करडी छटा राहू द्या, ती पोलादाला झाकते. व्हिनेगरात बुडवायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, आम्ल ठशाच्या कडा खातं आणि हाडालाही मऊ करतं.

पितळखिळा
वरचं सगळं बरोबर, फक्त क्रम बदला. तेलाच्या आधी चीर. हाडात एकदा तेल मुरलं की चिरेत काहीच चिकटत नाही. कापसाच्या काडीनं ॲसिटोन फिरवा, तासभर वाळू द्या, मग सर्वांत पातळ फेविक्विकचा एक थेंब चिरेच्या तोंडाशी धरा, तो आपोआप आत ओढला जातो. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

मूठ नक्की हाडाचीच ना, हेही बघून घ्या. हाडावर भिंगातून बारीक काळसर ठिपके नि रेघोट्या दिसतात. हस्तिदंतावर ते नसतात, आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसतात. हस्तिदंताची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, सांबरशिंगाचीही, म्हणून बदली मूठ म्हणून ते शोधू नका. शिसम किंवा म्हशीचं हाड चालतं.

आता डुगडुग. बोल्स्टरमधला खिळा त्याच धातूचा असतो आणि घासून सपाट केलेला, म्हणून दिसत नाही. तो न काढताच आवळता येतो:

कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. त्याची घोड्याच्या नालेसारखी पट्टी कापून बुंधा आणि लायनरच्या मधे सरकवा. खालचा बोल्स्टर ऐरणीवर किंवा जाड पोलादी ठोकळ्यावर सपाट टेकवा, मूठ अधांतरी राहिली तर हाड फुटेल. १०० ग्रॅमच्या गोल डोक्याच्या हातोडीनं खिळ्याच्या जागी हलके ठोके द्या. जोर नको, संख्या हवी. दर ३-४ ठोक्यांनी तपासा, मग उलटून दुसरी बाजू. पत्रा ओढून काढला की तेवढीच मोकळीक उरते. ठोक्यांचे खळगे ४००, ८००, १००० च्या पॉलिश पेपरनं जातात.

जुनीइंदूर_०९
क्रमानं केलं. चीर बसली, लहान पात्याचा खटका खणखणीत परत आला, मोठं पातं आता हलत नाही. पण नवी गोष्ट दिसली: मोठं पातं मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटते, धारेला एकाच ठिकाणी बोथट खाच पडली आहे.

कानसवाला
ते आवळण्यामुळे नाही, आधीपासूनच असणार. बुंध्याच्या खालच्या अंगाला, धार सुरू होते तिथे छोटा उंचवटा असतो. मिटल्यावर तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार अधांतरी ठेवतो. तो झिजला किंवा कुणी कानसीनं उतरवला की पातं जास्त खोल जातं. काढलेला धातू परत येत नाही. सोपा उपाय: धार आपटते तिथे स्प्रिंगच्या आतल्या अंगाला १ मिमी चामड्याची चिंचोळी पट्टी इपॉक्सीनं चिकटवा. खाच दगडावर हातानं घालवा, आधी ४०० मग १०००, प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांत. ग्राइंडरवर नेऊ नका. पातळ धार क्षणात निळी होते, म्हणजे जवळपास ३०० अंश सेल्सिअसवर गेली. तेवढ्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग तिथे धार टिकणार नाही.

पितळखिळा
तारेचं माप राहिलंच. पुढे दुसरा एखादा चाकू खरंच खोलावा लागला, म्हणजे स्प्रिंग तुटली किंवा मूठच गेली, तर मुठीचे खिळे सहसा १.६ मिमी आणि पात्याचा खिळा २.४ मिमी, पण कॅलिपरनं मोजल्याशिवाय तार घेऊ नका. जुन्या शेफील्डमध्ये मधली मापंही निघतात. हाडातलं भोक खिळ्यापेक्षा ०.१ मिमी मोठं ठेवा, ठोकताना खिळा पोटात फुगतो आणि हाड आतून फाटतं. ठोकून डोकं फुलवायला खिळा ०.८ मिमी बाहेर पुरे. गॉगल लावा, मधला खिळा निघताच स्प्रिंग उसळते.

आणि कायमचे खिळे ठोकण्याआधी सगळं सैल खिळ्यांवर जोडून तीन स्थितींत बघा: उघडं, अर्धं, मिटलेलं. तिन्हींत स्प्रिंगची पाठ लायनरशी समतल हवी. जिथे ती वर येते त्या स्थितीत टेकणारी बुंध्याची बाजू कानसीच्या एक-दोन घाशांनी उतरवा. जिथे खाली बसते तिथे काही घासू नका, तिथे इतर दोन स्थिती तिच्याएवढ्या खाली आणाव्या लागतात आणि मग लायनर नि मूठ तिथवर घासून घ्यावी लागते. या कामाला वेळ जाऊ द्या, एकदा डोकी फुलवली की दुरुस्तीला पुन्हा ड्रिलच.