पाच महिने झाले, ज्युनियर केजीची वही कोरी. बडोदेकरांनो, यात चूक काय आहे?

निझामपुऱ्याची आई

शनिवारी मुलीच्या बालमंदिरात पालकांची मीटिंग होती आणि तिथे जे झालं त्याने मी अजून अस्वस्थ आहे म्हणून लिहितेय. जूनपासून पोरांच्या वहीत एक ओळ नाही म्हणून सात-आठ पालकांनी बेनना, म्हणजे टीचरना, अक्षरशः घेरलं. मागणी काय, तर रोज एक पान गिरवायला द्या आणि दिवाळीपर्यंत एबीसीडी पूर्ण करा. वर्गातल्या बेन समजावत होत्या पण ऐकून कोण घेतंय. शेवटी मोठ्या बेन, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या की बघू, विचार करू, आणि मला भीती हीच आहे की पालक नाराज नकोत म्हणून वह्या निघतील आणि जे चाललंय ते बंद पडेल.

काय चाललंय ते मी स्वतः बघितलंय. मागच्या आठवड्यात तिला लवकर घ्यायला गेले आणि वीस मिनिटं वर्गाच्या दारातच उभी राहिले. कोपऱ्यात दोन खुर्च्यांवर पाट टाकून शेव-उसळची लारी म्हणजे हातगाडी लावलेली, चिंचोके म्हणजे वाटाणे, पिवळ्या लोकरीचे तुकडे म्हणजे शेव, आणि वर लाल क्रेप कागद चुरगळून तर्री. आमची लेक लारीवाली. गिऱ्हाइकं चार आणि डिशा तीन. तिने एकेकाच्या हातात डिश दिली, चौथ्यापाशी आली, रिकाम्या हाताकडे बघितलं, परत मागे वळून तिघांकडे बघितलं आणि म्हणाली, "एक कमी पडली. तू लाइनमध्ये थांब." तो मुलगा आमच्याच सोसायटीतला, घरी दोन मिनिटं दम धरत नाही, ओठ काढले त्याने पण थांबला, कारण लाइन मोडली तर खेळच मोडतो ना. बेन बाजूला चटईवर बसून होत्या, त्या मधेच एवढंच म्हणाल्या, "मला दोन पाव आणि माझ्या मैत्रिणीला एक, किती देशील?" हिने बोटं उघडली, मिटली, परत उघडली आणि तीन म्हणाली. हे गणित नाही तर काय आहे? ती संध्याकाळी घरी एकपासून वीसपर्यंत पाठ म्हणते, पण ते म्हणणं आणि चौथ्याला डिश नाही हे हाताला कळणं यात केवढा फरक आहे!

तुमची मतं सांगा, दुसरी बाजूही सांगा.

मकरपुरा शिफ्टवाला

ताई, मीटिंगमध्ये मागणी करणाऱ्यातला मी नव्हतो पण असतो तर मीही केली असती. मुलगा तेवढाच आहे माझा. फी ४२ हजार भरलीय, जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शिफ्ट करून भरलीय, आणि खेळायचंच असेल तर सोसायटीचं अंगण आहे, तिथे फुकट खेळतो, चार मुलं जमतात, भांडतात, परत जमतात. शाळेत पाठवतो ते घरी जे होत नाही त्यासाठी. दुसरं असं की आपल्या पोरांची गोष्ट वेगळी आहे. घरात मराठी, खाली उतरला की गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळा इंग्लिश मीडियमची. बाकीच्या मुलांना एक बाराखडी, याला तीन प्रकारची अक्षरं. मग लवकर सुरुवात नको? मोठ्या शाळेत अॅडमिशनला गेलो की पहिला प्रश्न काय येतं हाच असतो, तिथे मी काय सांगू, लारी लावतो म्हणून?

दांडिया बाजारच्या आजी

मी एकतीस वर्षं बालवाडी घेतली, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरी आहे. मकरपुऱ्याच्या भाऊंचा अंगणाचा मुद्दा बरोबर आहे आणि तरी अर्धाच आहे. अंगणात पोरं खेळतात ते हवंच, त्याला काही पर्याय नाही. पण त्या बेननी डिशा मुद्दाम तीन ठेवल्या असणार हे तुमच्या लक्षात आलं का? आम्हीही असंच करायचो. सामान किती ठेवायचं, काय कमी ठेवायचं, कधी गप्प बसायचं आणि कधी एकच प्रश्न टाकायचा, हे बेनचं काम. बसून राहिल्यासारखं दिसतं पण सगळं लक्ष तिथेच असतं. अंगणात हे कोण करणार?

आता लिहिण्याचं. चार वर्षांच्या पोराचा हात एकदा हातात घेऊन नीट बघा. मनगटातली लहान हाडं अजून तयार व्हायची असतात, ती एकेक करून पुढे बरीच वर्षं बनत राहतात. त्या हाताला दोन रेघांच्या मधे ए बसवायला लावलं की पोर पेन्सिल मुठीत धरतं, सगळा जोर खांद्यातून लावतं, पान फाटतं, आणि ती पेन्सिल धरायची सवय मग पुढे सुटता सुटत नाही. मी पहिले कितीतरी महिने पेन्सिल काढायचेच नाही. मातीचे गोळे, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, ओला रुमाल पिळणं, चिमटीने डाळ-तांदूळ निवडणं. या सगळ्यातून जी चिमूट तयार होते ना तीच पुढे पेन्सिल धरते. वही कोरी होती म्हणून पाच महिने फुकट गेले असं नाही हो, लिहिण्याचीच तयारी चाललीय ती.

आणि ही काही आत्ताची परदेशी फॅशन नाही. आपल्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, मग १९४५ ला त्या बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. माँटेसरीचं महाग साहित्य आदिवासी पाड्यावर कुठून आणणार, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली आणि पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आमचं सगळं शिक्षण या बायकांच्या पायवाटेवरून झालं, म्हणून कोणी खेळाला टाइमपास म्हटलं की मला लागतं.

वारसियातून

आजींचा मान ठेवून लिहिते, पण माझा अनुभव कडू आहे आणि तोही इथे यायला हवा. माझा मोठा आता आठ वर्षांचा आहे. त्याच्या प्री-स्कूलच्या गेटवर मोठ्या अक्षरात खेळातून शिक्षण लिहिलेलं होतं. आत पस्तीस मुलं, एक बेन, एक मदतनीस मासी, आणि भिंतीवर स्क्रीन. त्यावर दिवसभर बडबडगीतं. हे मला कधी कळलं? तो घरी येऊन गाण्याच्या मधल्या जाहिराती म्हणायला लागला तेव्हा. पहिलीत गेला तर बाकीची मुलं वाक्यं वाचतायत आणि हा स्वतःचं नाव ओळखत नाही. टीचरने सगळ्यांसमोर मागच्या बाकावर बसवला. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणायचा, डॉक्टरकडे दोनदा नेलं, पोटाला काही नव्हतं. वर्षभर मी आणि त्याच्या बाबांनी रात्री घेऊन बसून ते भरून काढलंय. मग धाकटीच्या वेळी मी सरळ वही मागितली. वही निदान दिसते तरी. खेळातून काय शिकला हे मला कोण दाखवणार? आजींसारख्या बेन किती जणींच्या नशिबात असतात?

रावपुरा ४५

वारसियाच्या ताईंशी सहमत. आणि आपण बडोद्याचे लोक आहोत, ज्या राज्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीला सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये राज्यभर नेलं, ते काय लारी खेळायला? लिहिता-वाचता यावं म्हणूनच ना.

दांडिया बाजारच्या आजी

भाऊ, महाराजांचं नाव घेतलंत म्हणून सांगते, अमरेलीची ती सक्ती मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा अशी होती. सात, चार नव्हे. आणि वारसियाच्या ताई, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण स्क्रीन लावून बसवणं म्हणजे खेळ नाही, पस्तीस पोरांत एकटी बेन खेळ घेऊच शकत नाही. तुमचा राग त्या गर्दीवर आणि फसवणुकीवर आहे, तो तिथेच ठेवा.

निझामपुऱ्याची आई

वारसियाच्या ताई, तुमचं पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तुमचं म्हणणं मला पटलं की बघता यायला हवं. म्हणूनच मी मोठ्या बेनना उद्या हेच लिहून देणार आहे की वह्या काढू नका, आम्हाला महिन्यातून एकदा वर्गात बसू द्या. सोळा मुलं आहेत आमच्या वर्गात आणि बेन रोज दोन-तीन पोरांबद्दल डायरीत लिहितात, मी विचारल्यावर दाखवली. माझ्या मुलीच्या पानावर होतं, आज पातेल्यातली वाळू उंच ग्लासात ओतली आणि ग्लासात जास्त आहे म्हणाली, परत पातेल्यात ओतून बघितली आणि गप्प झाली. या वयात उंच दिसलं की जास्त वाटतंच, सहा-सातच्या आसपास ते सुटतं, पण ती गप्प झाली ना, तिथे काहीतरी चाललंय आणि ते बेनने टिपलंय! मला वहीपेक्षा हे पान हवंय.

मकरपुऱ्याचे दादा, अॅडमिशनचं म्हणाल तर घाई आपण उगाच करतोय. २०२३-२४ पासून गुजरातेत पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, सरकारी शाळांत त्याआधी बालवाटिका म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग आलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वय तीन ते आठ हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरी पण त्यातच. आणि मुलाची परीक्षा घेऊन अॅडमिशन देणं २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याला धरून नाही, तरी कोणी विचारतच असेल तर उत्तर देण्याची जबाबदारी आपली, चार वर्षांच्या पोराची कशी?

वारसियातून

वर्गात बसू देणार असतील तर माझा विरोध निम्मा संपला. निम्माच. सोळा मुलांचा वर्ग किती जणांना परवडतो हा प्रश्न आहेच.

फतेहगंजची मावशी

मला वेगळं सांगायचंय. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची नात अंगणवाडीत जाते. घरी एक पुस्तक नाही, पेपर नाही, कोणी वाचताना तिने बघितलेलं नाही. आपल्या घरची पोरं आजोबांना पेपर वाचताना बघतात, रात्री गोष्ट ऐकतात, त्यांना अक्षरं उशिरा दिली तरी चालतात. हिला कोण देणार? खेळ खेळ करताना अशा मुलांचं अक्षर राहून जाऊ नये एवढंच म्हणते.

दांडिया बाजारच्या आजी

मावशी, तुमचं शंभर टक्के खरं. पण पुस्तक देणं आणि गिरवायला लावणं या दोन गोष्टी आहेत. त्या पोरीला मांडीवर घ्या, चित्रांचं पुस्तक उघडा, ओळीखालून बोट फिरवत रोज एक गोष्ट वाचा. तिच्या नावाची चिठ्ठी तिच्या वाटीवर चिकटवा. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या चेतन बालवाडीसारखी जागा आपल्याच गावात आहे, आजही लोक बघायला जातात. खेळ म्हणजे अक्षरांशी वैर असं मी कधीच म्हटलं नाही.

मकरपुरा शिफ्टवाला

आजी, काल सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळी वेळ मिळाला, मुलाला घेऊन कणकेचा गोळा करून बसलो. त्याने साप केला, मग सापाची वेटोळी केली आणि म्हणाला पप्पा ही जलेबी, मग म्हणाला दुकानाला नाव पाहिजे. आता तुम्ही सांगा मी काय करायचं. त्याने स्वतः पेन्सिल मागितली, मी नाही दिली. चौकातल्या बोर्डावर जलेबी गुजरातीत लिहिलेलं तो रोज बघतो, तसं वर रेघ न मारता त्याने जमिनीवर खडूने काहीतरी काढलं, आणि त्याची आई म्हणते मराठीत वर रेघ लागते ती दाखव. मी अजून खेळाच्या बाजूचा झालेलो नाही, फीचं माझं म्हणणं कायम आहे. पण पोराने नाव मागितलं तर द्यायचं का, आणि रेघ मारून का बिनरेघेचं?

दांडिया बाजारच्या आजी

मागितलं ना? मग द्या, आजच द्या. दुकान त्याचं आहे, बोर्ड गिऱ्हाइकांना वाचता आला पाहिजे, तर गिऱ्हाइकं कोण आहेत ते त्यालाच विचारा. सोसायटीतली पोरं असतील तर बिनरेघेचं, आजी असेल तर रेघ मारून. आणि पेन्सिल नको, खडूच असू दे, मोठं मोठं काढू दे.