मदत हवी आहे: गुराबेच्या पट्ट्या नाळेपाशी तुटतायत

खाडीकाठ
गुराब, म्हणजे मराठा आरमारातलं जुनं लढाऊ जहाज, तिचं लाकडी मॉडेल करतोय. कणा आणि फासळ्या उभ्या झाल्या. आता अंगावर पट्ट्या चढवायला घेतल्या, तर नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापाशी, वळवताना प्रत्येक पट्टी तुटतेय. दोन रविवारांत अकरा पट्ट्या गेल्या. रात्रभर पाण्यात भिजवून बघितल्या, तरी तेच. नारळी पौर्णिमेच्या आत निदान सांगाडा झाकला जायला हवा. ज्यांनी केलंय त्यांनी नेमकं काय करायचं ते सांगा. व्हिडिओ बघ म्हणू नका, सगळे बघून झालेत.

मृण्मयी_के
लाकूड कुठलं? पट्टीची जाडी-रुंदी किती? स्केल काय? आणि पट्टी आडवी मोडते की लांबीत चिरते? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं अवघड आहे. नाळेचा फोटो असेल तर टाका.

प्रसाद१९७४
साधा उपाय सांगतो. कुकरची शिट्टी काढायची, तिथे रबरी नळी लावायची आणि दुसरं टोक पीव्हीसीच्या पाइपात घालायचं. पट्ट्या पाइपात ठेवून तासभर वाफ द्यायची. मी आरामखुर्चीचा हात असाच वळवला होता.

रंधा
प्रसाद, खुर्चीचा हात इंचभर जाड असतो. होड्या बांधणारे इंचाला एक तास वाफ देतात. त्या हिशेबाने २ मिमीच्या पट्टीला पाचच मिनिटं लागतात. तासभर ठेवली तर पट्टी शिजून निघते आणि वाळल्यावर जास्त ठिसूळ होते. शिवाय पाइपाचं दुसरं टोक बंद करू नका, वाफेला बाहेर जायला वाट हवीच. हे लिहिणं गरजेचं होतं, कारण इथे वाचून कोणीतरी करून बघणार.

खाडीकाठ, लाकूड पाण्याने वाकत नाही, उष्णतेने वाकतं. लाकडातला धागा धरून ठेवणारा जो भाग असतो तो शंभर अंशाच्या आसपास नरम पडतो. थंड पाण्यात चार दिवस ठेवलंत तरी तो तसाच राहणार. पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, बाहेर काढून गरम इस्त्रीच्या कडेवर हळूहळू वळवा आणि चिमटे लावून जागेवरच वाळू द्या.

खाडीकाठ
सागवान आहे. स्केल १:६४.

मृण्मयी_के
आणि जाडी?

खाडीकाठ
२ मिमी जाड, ६ मिमी रुंद. आडव्या मोडतात. इस्त्रीने करून बघितलं आत्ताच, बारावीसुद्धा गेली.

रंधा
सागवान! मग प्रश्नच मिटला. सागवान बाजूला ठेवा. धागा जाडाभरडा आणि सरळ, अंगात तेल, वर वाळूसारखे कण, पातं दोन दिवसांत बोथट होतं. मॉडेलला बारीक धाग्याचं लाकूड लागतं. आपल्याकडे हेदू मिळतं, पिवळसर, लोण्यासारखं कापलं जातं. मी पुण्याला भंगारातल्या जुन्या हेदूच्या फळीतून दोन अख्खी मॉडेलं काढली आहेत.

उत्तरसमुद्र
सागवानाला असं उडवून लावू नका. मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहतो. इथे हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवली, आणि ती अजून तरंगतेय. अख्खी मलबारी सागवानाची. ओक इतका टिकत नाही, म्हणूनच तर नौदलाने मुंबईत जहाजं बांधून घेतली. तिचे नकाशे मुंबईला 'जावा' नावाच्या जहाजावरून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज हरवलं आणि नकाशे गेले. पुन्हा पाठवावे लागले. दरवर्षी तिच्या डेकवर उभा राहतो तेव्हा मुंबईचं लाकूड पायाखाली आहे या जाणिवेने भरून येतं.

रंधा
नौका थोर आहे, मीही बघून आलोय. पण खऱ्या जहाजाची फळी तीन-चार इंच जाड असते. मॉडेलमध्ये जहाज चौसष्ट पट लहान होतं, लाकडाचा धागा मात्र तेवढाच राहतो. २ मिमीच्या पट्टीत जिथे धागा तिरका बाहेर पडतो, तिथेच ती मोडते. त्याच्याशी वाडियांचा काही संबंध नाही.

थ्रीडी_नील
सांगाडा स्कॅन करून अंगाचं कवच प्रिंट का करत नाही? वर लाकडी पोताचा कागद. दोन दिवसांत काम होईल.

मृण्मयी_के
नील, त्यांना लाकडाचंच करायचंय. खाडीकाठ, फासळ्यांच्या कडा तासल्यात का? नाळेकडच्या फासळ्या चौकोनी कडेच्या ठेवल्या तर पट्टी नुसत्या धारेवर टेकते आणि तिथेच मोडते. दुसरं, पट्ट्या पुढे निमुळत्या करताय की ६ मिमी तशाच नेताय? मधल्या फासळीवर कण्यापासून वरच्या काठापर्यंत दोरा लावून माप घ्या, तसंच नाळेवर घ्या. दोन्ही आकडे इथे लिहा.

प्रसाद१९७४
अमोनियाने लाकूड रबरासारखं होतं असं वाचलंय. किराणा दुकानातलं फरशी पुसायचं चालेल का?

रंधा
नाही चालणार. प्रयोगशाळेत वापरतात तो पाणी नसलेला अमोनिया, तो घरी हाताळायचा पदार्थ नाही. दुकानातल्या पातळ अमोनियाने लाकूड फक्त काळं पडतं आणि डोळ्यांची आग होते.

जुनीपानं
एक विचारू? गुराबेचा नकाशा मिळाला कुठून? तीस वर्षं शोधतोय, मला मोजमापांसह एकही मिळालेला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. एकही गुराब आपल्यापर्यंत पोचली नाही.

खाडीकाठ
नकाशा इंग्रजी फ्रिगेटचा (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचा) आहे, नेटवर विकत मिळाला. लांबी कमी केली, दोन डोलकाठ्या ठेवल्या, मागचा भाग बदलला. मृण्मयीताई, मधे ९६ मिमी, नाळेवर ६० मिमी. पट्ट्या ६ च्या ६ नेत होतो. कडा थोड्या तासल्यात.

रंधा, सागवान टाकता येणार नाही. हे आमच्या आजोबांच्या मचव्याचं लाकूड आहे. मचवा मोडला तेव्हा बाबांनी दोन फळ्या माळ्यावर ठेवल्या होत्या. बाबा पंचाहत्तर पूर्ण करतायत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आलो की त्यांच्या हातात द्यायचंय. आधी लिहायला हवं होतं.

रंधा
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर मी फेकायच्या गोष्टी केल्या नसत्या. माफ करा. लाकूड तेच राहील.

जुनीपानं
मग ऐका, तुमचं अर्धं दुखणं नकाशात आहे. इंग्रजी फ्रिगेटची नाळ गोल, गालफुगी. पट्टीला शेवटच्या दोन इंचांत जवळजवळ काटकोनात वळावं लागतं. गुराब तशी नव्हतीच. कंपनी सरकारचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने वर्णन करून ठेवलंय: लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार खोल न जाणारी, आणि मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. पुढे गोल छातीऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं लांब बाहेर निघालेलं नाक. त्या नाकावर मुख्य डेकच्या पातळीत डेक, मधे आडवी भिंत, आणि भिंतीच्या झरोक्यांतून पुढे रोखलेल्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा. नाकाला कठडा ठेवत नसत, जहाज लाटेत बुडी मारून वर आलं की पाणी दोन्ही अंगांनी निथळून जावं म्हणून.

गुराब हा शब्दच अरबी आहे, अर्थ कावळा. तुम्ही कावळ्याला कबुतराची छाती लावलीत, म्हणून पट्ट्या मोडतायत.

प्रसाद१९७४
पण गुराबेला तीन डोलकाठ्या असतात. संग्रहालयातल्या चित्रात तीनच होत्या.

जुनीपानं
दोन्ही असत. बहुतेक दोन, मोठीला तीन. ऑर्मच्या हिशेबात तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० टनांची. गलबत वेगळं, ते क्वचितच ७० टनांवर जाई. चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की हीच गलबतं गुराबेला ओढून नेत.

उत्तरसमुद्र
मी म्हणेन की कागदावर आधार असलेलं जहाज करावं. फ्रेंच नौदल अधिकारी एद्मों पारी याने १८३० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावरच्या फत्तेमारीची (शिडाच्या मालवाहू जहाजाची) मोजमापं घेऊन आराखडे काढलेत. गुराब म्हणून जे कराल ते अंदाजाचंच होणार.

जुनीपानं
अंदाज आणि मनाला येईल ते, यांत फरक आहे. वर्णन आहे, चित्रं आहेत, आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या बांधायची रीत अजून जिवंत आहे. एवढ्या आधारावर केलेली गुराब खोटी नसते. अंदाज कुठे केला ते पायथ्याच्या पाटीवर लिहावं म्हणजे झालं. आंग्र्यांचं जहाज कोणीच करायचं नाही का मग?

प्रसाद१९७४
ते काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज आहे ना, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात आलं. अजिंठ्याच्या चित्रावरून केलंय. त्याचं मॉडेल जास्त सोपं जाईल, खिळेच नाहीत.

तांडेलाची लेक
शिवणं सोपं नसतं हो प्रसाददादा.

खाडीकाठदादा, माझे काका होड्या बांधायचे. फळी वळवायची तर शेकोटीवर धरत, आतल्या अंगाला जाळ, बाहेरच्या अंगावर सारखं पाणी, टोकाला दगडांचं वजन. पण ती फळी ताज्या कापाची असायची. तुमची फळी चाळीस-पन्नास वर्षं वाळलेली, ती आता जाडीत वळणार नाही. हट्ट करू नका, लाकूड संपेल. आणि दोनच फळ्या आहेत.

त्यापेक्षा दोन थर करा. आतला थर दुसऱ्या मऊ लाकडाचा, दीड मिमीचा. बासवूडच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. तो घासून गुळगुळीत करा, खळगे भरा. त्यावर आजोबांच्या सागवानाची पातळ चकती, एक मिमीला कापून अर्धा-पाऊण मिमीपर्यंत घासलेली. एवढी पातळ पट्टी गरम इस्त्रीने लगेच वळते. दिसेल ते सगळं मचव्याचंच.

कापायच्या आधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. मचव्याच्या लाकडात मोडका खिळा आत राहिलेला असतो, पातं त्यावर गेलं तर उडून तोंडावर येतं. जिथे काळा डाग आहे तिथे लोखंड होतं असं समजा.

मृण्मयी_के
दोन थरांशी शंभर टक्के सहमत. आता आकडे. ९६ ला ६ ने भागलं की १६ पट्ट्या. नाळेवर त्याच १६ पट्ट्या ६० मिमीत बसवायच्या, म्हणजे पुढच्या टोकाला प्रत्येकी पावणेचार मिमी. तुम्ही ६ च्या ६ नेत होतात, त्यामुळे पट्टीला जागा करायला तिला आडव्या अंगाने, रुंदीतून वाकवत होतात. त्या दिशेने कुठलंच लाकूड ऐकत नाही. निमुळती करताना रुंदी निम्म्याच्या खाली न्यायची नाही, तुमची जात नाहीये. नाळ बदललीत की माप पुन्हा घ्या.

दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक पट्टी लावा. एकच बाजू भरत गेलात तर कणा पिळतो. नाळेच्या पहिल्या दोन फासळ्यांमधली पोकळी बाल्सा (फार हलकं, मऊ लाकूड) भरून आकारात घासून घ्या.

रंधा
सागवानाच्या चकत्या चिकटवताना मागची बाजू अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच गोंद लावा. तासाभराने तेल परत वर येतं. आरीचं पातं मिमीभर जाड असतं, तेव्हा जेवढी चकती मिळेल तेवढाच भुस्सा होणार, हे धरून फळीचा हिशेब करा. आणि सांध्यात पेन्सिलीची काळी रेघ विसरू नका, फटी भरल्याचा भास येतो.

जुनीपानं
रेघ नको! ती विलायती जहाजांची खूण. सुरत-मुंबईकडचे बांधणारे फळीला खाच पाडून एकीत दुसरी बसवत, मधे कापूस आणि राळ. सांधा दिसत नसे असं बघणाऱ्यांनी लिहून ठेवलंय.

रंधा
सांधा अजिबात दिसला नाही तर चार फुटांवरून ते एका ओंडक्यातून कोरलेलं वाटेल.

जुनीपानं
वाटू द्या. बांधणाऱ्यांची कसब तीच होती.

अपर्णा_गो
मॉडेल झालं की काचेच्या पेटीत ठेवा. कोकणात पावसाळ्यात दोऱ्या सैल होतात, बुरशी धरते. पेटीला खालून दोन बारीक भोकं ठेवा, आत हवा कोंडू देऊ नका. शिडांना नवं पांढरंशुभ्र कापड वापरू नका, चहाच्या पाण्यात बुडवून काढा.

खाडीकाठ
तीन दिवस लिहिलं नाही कारण पुढच्या चार फासळ्या काढून नव्या कापल्या. जुनीपानंकाका, नाक लांब केलं, तुम्ही सांगितलंत तसं. नाळेवरचं माप आता ५६ आलं, म्हणजे टोकाला साडेतीन. बासवूडच्या सहा पट्ट्या डावीकडे, सहा उजवीकडे लागल्या. एकही मोडली नाही. शेवटच्या दोन तर गरमही कराव्या लागल्या नाहीत, हाताने बसल्या.

तांडेलाची लेक, चुंबक चिकटला. एका फळीत तीन खिळे निघाले. एक वाकडा, चौकोनी डोक्याचा. तो टाकला नाही.

रेघेचं अजून ठरवलं नाही. बाबांना आडून विचारलं, मचव्याच्या फळ्यांमधली फट दिसायची का? ते म्हणाले, आजोबा दर पावसाळ्याआधी बोटाने चाचपून बघायचे, डोळ्याने नाही.

आता सागवान कापायला अलिबागच्या आसपास बारीक पात्याची बँड सॉ कोणाकडे आहे का? माणूस समोर उभा राहू देणारा हवा, फळी सोडून येणार नाही.

तांडेलाची लेक
व्यक्तिगत निरोप केलाय. रविवारी सकाळी या, भावाकडे आहे. फळीच्या दोन्ही टोकांना खूण करून आणा, म्हणजे धाग्याच्या दिशेनेच कापता येईल.