बॅकयार्डमधले सिकाडा: तुमचे अनुभव लिहा

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या ओहायो-केंटकी भागात ब्रूड १४ (म्हणजे झाडांवर कर्कश ओरडणाऱ्या सिकाडा किड्यांची, जमिनीतून एकाच वर्षी बाहेर येणारी एक पिढी) वर आलं, तेव्हा इकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून एकच प्रश्न येत होता: "हा आवाज कधी थांबणार?" पाच-सहा आठवड्यांत थांबतं. पण ते आठवडे ज्यांनी काढले आहेत त्यांनी ते कसे काढले, हे इथे एकत्र व्हावं म्हणून हा धागा. २०२१ चं ब्रूड १०, २०२४ मध्ये एकाच उन्हाळ्यात आलेली ब्रूड १३ आणि ब्रूड १९, किंवा परवाचं ब्रूड १४, कुठलंही चालेल. झोप, मुलं, कुत्री, झाडं, सगळं लिहा. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ओरडतात ते हिरवट सिकाडा वेगळे. हा धागा लाल डोळ्यांच्या, १३ किंवा १७ वर्षांनी येणाऱ्यांसाठी. सुरुवात मीच करते.

सिनसिनाटी, ओहायो

आमच्या मागे जुने ओक आहेत. एप्रिलमध्येच त्यांच्याखाली बोट जाईल एवढी भोकं दिसू लागली, ओल्या जागी मातीची छोटी धुराडीसुद्धा. आठ इंच खोलीवर माती ६४ फॅरनहाइटपर्यंत तापली आणि वर पाऊस झाला, की अंधार पडल्यावर ते निघतात. त्या रात्री आम्ही मुलांना टॉर्च देऊन बाहेरच बसवलं. खोडावर, कुंपणावर, ग्रिलच्या पायांवर किडे चढत होते, पाठ उकलत होती आणि आतून पांढराशुभ्र, मऊ जीव बाहेर येत होता. सकाळपर्यंत तो काळा होतो.

पुढचे चार-पाच दिवस शांतता असते. मग नर सुरू होतात. गातात ते फक्त नर. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ताठ पापुद्रे असतात, ते भराभर आत-बाहेर लचकवून हा आवाज निघतो. आमच्याकडे दोन जातींचं गाणं ओळखू यायचं. एकीचा सूर दूरवर अखंड घुमत राहतो. दुसरी आधी टिकटिक करते, मग चर्रर्र करत एकदम चढते, आणि अख्खं झाड एका लयीत येतं. दुपारी डेकवर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. मला तो आवाज मनापासून आवडला. मुलगी आता आठ वर्षांची आहे, हे पुन्हा येतील २०४२ मध्ये, तेव्हा ती पंचविशीत असेल. तिने झाडाखालची टरफलं डब्यात जपून ठेवली आहेत.

शिकागोचं पश्चिम उपनगर

ताई, तुमचा आनंद कळतो, पण मी नर्स आहे आणि माझी नाइट शिफ्ट असते. सिकाडा दिवसा गातात, ऊन चढेल तसा जोर वाढतो. म्हणजे नेमकी माझी झोपेची वेळ. २०२४ चा जून मी बेसमेंटमध्ये गादी टाकून काढला. खिडक्या बंद, कानात बोळे, पंखा मोठ्यावर, तरी घरामागे कोणी गिरणी चालू ठेवल्यासारखी घरघर यायचीच. जवळून हा आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो, तो काही मनाचा खेळ नव्हे. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातल्या न्यूबेरी काउंटीत लोकांनी "हा सायरन कसला?" म्हणून शेरीफच्या ऑफिसात फोन केले होते. दिवसा झोपणारं कोणी घरात असेल तर मे लागण्याआधीच तळघरातली एखादी खोली तयार ठेवा. ज्या दिवशी ढग आणि पाऊस असायचा, त्या दिवशी मात्र ते गप्प असायचे आणि मी पोटभर झोपायचे.

बेथेस्डा, मेरीलँड

आमचं २०२१ चं. आमचं लॅब्रडॉर खाली पडलेले सिकाडा खात सुटलं. व्हेटने सांगितलं की दोन-चार खाल्ले तर काही होत नाही, ते विषारी नसतात. पण कडक टरफलं ढीगभर पोटात गेली की उलट्या होतात. मग महिनाभर त्याला आखूड पट्ट्यावरच फिरवलं. माणसांतही, ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी हौसेने सिकाडा चाखू नयेत. इथे तळून खाणारे भेटतात, म्हणून सांगते.

नॅशव्हिल, टेनेसी

झाडांबद्दल मी लिहितो. मादी पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांदीला चीर पाडून आत अंडी घालते. मोठ्या झाडाला त्याचं काही नाही, नवं रोप मात्र खचतं. सफरचंदाच्या दोन कलमांना मी जाळी बांधली, भोकं पाव इंचाची. खोडाशी घट्ट आवळायची, नाहीतर खालून शिरतात. कढीपत्त्याच्या कुंड्या सरळ घरात घेतल्या. कीटकनाशक मारू नका. एक मेला की शेजारच्या झाडावरून दुसरे येतात, आणि औषधाने मेलेले ते किडे पक्ष्यांच्या पोटात जातात.

गवत कापायचं ते भल्या सकाळी किंवा संध्याकाळी. मोअरच्या आवाजाला सिकाडा आपलेच समजून येतात आणि अंगावर बसतात. चावत नाहीत, डंखही नाही.

कोलंबस, ओहायो

माझ्या मुलाला मोठे आवाज सहन होत नाहीत, त्यामुळे मी धास्तावलेलो होतो. आधी घरातच रेकॉर्डिंग लावून हळूहळू मोठं करत गेलो, हेडफोन दिले, आणि सिनसिनाटीजवळ गेलो तेव्हा कधी बाहेर जायचं हे त्यालाच ठरवू दिलं. शेवटी तो सिकाडा हातावर घेऊन फिरत होता. एकाचं मागचं निम्मं पोटच गळून तिथे पांढरी पूड होती. ती बुरशी असते, त्यांना होणारी. माणसाला तिचा त्रास नाही, हे समजल्यावरच तो शांत झाला.

इंडियानापोलिसजवळ

आमच्याकडे २०२१ मध्ये एकही आला नाही. रस्त्यापलीकडच्या जुन्या वस्तीत कान किटत होते आणि आमच्या नव्या कॉलनीत काही नाही. इथे आधी झाडी होती, बिल्डरने ती तोडली, वरची माती खरवडून नेली. पिल्लं वर्षानुवर्षं मुळांचा रस पिऊन खाली वाढत असतात. झाड गेलं की तीही गेली. आवाजाने वैतागलेल्यांना मी एवढंच सांगेन, तुमच्या अंगणात ते आहेत याचा अर्थ तिथली झाडं आणि माती निदान सतरा वर्षं कोणी मोडलेली नाही. आमच्याकडे आता ओकची रोपं लावली आहेत.

सिनसिनाटी, ओहायो

सगळ्यांचे आभार. आवाज थांबल्यावरचं थोडं. मेलेल्यांचा वास आठवडाभर येतो, ते झाडांच्या बुंध्याशी ओढून टाका, खतच होतं. जुलैत अंडी घातलेल्या फांद्यांची टोकं तपकिरी होऊन लोंबतात, त्यांना घाबरून मोठं झाड छाटू नका. जुलैअखेरीस ओकखाली बसल्यावर मानेवर, खांद्यांवर खाजरे फोड आले, तर सिकाडांच्या अंड्यांवर जगणारे माइट्स (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव) असू शकतात. घरात येऊन लगेच अंघोळ करा, कपडे धुवायला टाका. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्यांनी २०२९ लक्षात ठेवा, ब्रूड १ तेव्हा येईल. फळझाडं लावायची असतील तर २०२८ च्या शरदात नकोत, ती २०२९ च्या शरदात लावा.