पायलटला ४८ तास विश्रांती दिली म्हणून विमानं बंद पडली, हे तुम्हाला खरंच पटतं का?

पायलटची_आत्या

माझा भाचा एअरबस उडवतो, फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, कंपनी कुठली ते सांगत नाही. मागच्या खेपेला घरी आला तेव्हा जेवता जेवता ताटावरच पेंगला, हातातला घास हातातच राहिला. वहिनी घाबरली, मी पण. मग त्याच्याकडून एकेक कळत गेलं.

पहाटे ४ ची फ्लाइट म्हणजे ३ ला रिपोर्टिंग, पावणेदोनला पिकअपची गाडी दारात, म्हणजे १ ला उठायचं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी ५ ला झोपायला हवं, आणि संध्याकाळी ५ ला कुणाला झोप लागते हो, खाली पोरं खेळतायत, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, तो नुसता डोळे मिटून पडून राहतो. कागदावर मात्र ते सगळे तास विश्रांती म्हणून धरले जातात.

डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये नवीन नियम काढले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, त्यात दोन रात्री. रात्र म्हणजे आधी १२ ते पहाटे ५ होती, ती ६ पर्यंत धरायची. रात्रीच्या ड्युटीत आधी ६ लँडिंग चालायची, आता फक्त २. हे जून २०२४ पासून लागू होणार होतं, कंपन्यांनी विरोध केला, पुढे ढकललं, मग पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या तेव्हा कुठे १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू करायचं ठरलं. बावीस महिने मिळाले तयारीला! आणि डिसेंबरात इंडिगोची विमानं रद्द व्हायला लागली, ५ तारखेला तर एका दिवसात हजाराच्या वर, तर लगेच सगळे म्हणायला लागले की नियमच चुकीचा. डीजीसीएने त्यांना रात्रीच्या ड्युटीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट पण दिली.

माझं म्हणणं एवढंच की ज्याने माणसं भरली नाहीत त्याची चूक, नियमाची नाही. तुम्हाला काय वाटतं?

नागपूर_पुणे_वारी

ताई, तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण त्या ५ डिसेंबरला मी पुणे विमानतळावर होतो. आईचं दुसऱ्या दिवशी नागपूरला ऑपरेशन, मी एकुलता एक. सकाळपासून बोर्डवर आधी डिले, मग अजून डिले, मग कॅन्सल. बाकी कंपन्यांची तिकिटं बघितली तर आकडा बघूनच फोन खाली ठेवला. सरकारने भाड्याला मर्यादा घातली ती ६ तारखेला, ५०० ते १००० किलोमीटरला १२ हजार, तोवर माझं काम झालं होतं. शेवटी ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून गेलो, पोचलो तेव्हा आईला आत नेलं होतं.

माझा राग कंपनीवर आहेच. पण नियम करणाऱ्यांना दिसत नव्हतं का की ज्या कंपनीकडे देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी आहेत तिची तयारी नाहीये? नियम कागदावर चांगला आणि अंमलात लोक रस्त्यावर, तर त्या नियमात कुठेतरी चूक आहेच ना. हळूहळू करायचं होतं, आधी ४२ तास, मग ४८.

मुक्कामी_गाडी

दादा, तुम्ही ट्रॅव्हल्सने रात्रभर गेलात. तो ड्रायव्हर किती झोपला होता, विचारलं होतं का? टोमणा म्हणून नाही विचारत, मनापासून विचारतेय.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. मुक्कामी गाडी घेऊन जायचे, रात्री साडेनऊला गावात पोचायची, पहाटे साडेपाचला तीच गाडी परत. मधले आठ तास म्हणजे विश्रांती, बरोबर? तर ते गाडीतच सीटवर झोपायचे, मच्छर, थंडी, कधी कधी पारावर लाऊडस्पीकर. डेपोच्या वहीत आठ तास, डोळ्यात तीन. आई त्यांना घरी आल्यावर आधी उन्हात अर्धा तास बसवायची, मग चहा. कुठला नियम आणि कसलं काय, त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना कुणी विचारलं नाही की झोप झाली का. पायलट लोक निदान कोर्टात गेले. त्यांना मिळालेलं तुम्ही काढून घ्या म्हणताय, मी म्हणते ते खाली आमच्यापर्यंत आलं पाहिजे.

रोस्टरवाला

मी एका एअरलाइनमध्ये क्रू शेड्यूलिंगला होतो, म्हणजे पायलट लोकांच्या ड्युट्यांचं वेळापत्रक (रोस्टर) लावायचो, आता सोडलंय, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. तरी मी या नियमाच्या विरोधात आहे. पूर्ण नाही, पण त्याच्या पद्धतीच्या.

आधी ते ४८ तास. युरोपात आठवड्याची विश्रांती ३६ तास आहे, दोन रात्री धरून. अमेरिकेत सलग ३० तास. तिथली विमानं रोज पडतायत का? मग आपण ४८ चा हट्ट का धरायचा?

दुसरं म्हणजे दोन लँडिंग. पुणे नागपूर पुणे करा रात्री, झाली दोन, पायलट तीन तास उडला आणि त्याची ड्युटी संपली. आणि कुणी आखातात जाऊन आलं तरी दोनच लँडिंग, पण त्यात सात तास उडणं. दोघांना एकाच मापाने मोजताय. लहान शहरांच्या रात्रीच्या फ्लाइट आधी कापल्या जातील, कारण तिथे एकेक उड्डाण छोटं असतं.

आणि आता जे सांगतोय ते नीट वाचा. मंगळूर, २२ मे २०१०, १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपलेला होता, रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज होता, उठला तो अर्धवट झोपेत, विमान उंच होतं, को-पायलट गो अराउंड (न उतरता परत वर घ्या) म्हणत होता तरी त्याने उतरवायचा प्रयत्न सोडला नाही. सगळे थकव्याचं उदाहरण म्हणून हेच देतात. पण तो कॅप्टन मोठ्या रजेवरून नुकताच परत आला होता. त्या रात्रीची ड्युटी काय होती? मंगळूर दुबई मंगळूर. दोन लँडिंग. रात्री साडेनऊच्या सुमारास निघाले, सकाळी सहाला अपघात. रात्रीची मर्यादा नव्या नियमात ८ तास उड्डाण, १० तास ड्युटी, म्हणजे आजच्या नियमातही ती ड्युटी बसली असती! आता सांगा तुमचा आकडा काय करणार होता.

वॉर्डातली_रात्रपाळी

मी नर्स आहे, सतरा वर्षं रात्रपाळी करतेय, विमानातलं मला कळत नाही पण पहाटे ३ ते ५ काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. त्या वेळी इंजेक्शन भरताना मी मोठ्याने वाचते, औषधाचं नाव, डोस, परत एकदा, कारण डोळे अक्षर बघतात पण डोक्यात जात नाही. आदल्या दिवशी सुट्टी असली तरी तसंच होतं. म्हणजे रोस्टरवाले दादा म्हणतात ते खरंय की रजा घेऊन आलेला माणूसही झोपू शकतो. पण त्यातून निघतं काय? की ती वेळच वाईट आहे. मग रात्र ६ पर्यंत धरली ते बरोबरच केलं ना! मंगळूरचं विमान सहालाच उतरत होतं.

आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, १९९७ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे, सलग १७ तास जागा माणूस आणि रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस, दोघांचं काम जवळपास सारखंच बिघडतं. पायलटला आपल्याकडे फ्लाइटआधी फुंकायला लावतात, थोडी पण दारू चालत नाही, जागरण झालंय का ते कसं बघणार, त्याला मशीन नाहीये, तासच मोजावे लागतात.

नागपूर_पुणे_वारी

मुक्कामी गाडी ताई, नाही विचारलं. खरं सांगतो मनात पण आलं नाही. तुमच्या वडिलांचं वाचून दोन मिनिटं थांबलो.

तरी माझा प्रश्न तोच आहे. नियम लागू झाला तेव्हा त्याची किंमत कोणी दिली? कंपनीने नाही, पायलटने नाही, प्रवाशाने दिली. डीजीसीएने ऑक्टोबरमध्येच प्रत्येक कंपनीला विचारायचं होतं की बाबा किती कॅप्टन आहेत, किती लागणार, आणि नसतील तर विंटर शेड्यूलमध्ये तेवढी विमानं आधीच कमी करा. लोकांनी तिकीट काढलंच नसतं. डिसेंबरात सगळं झाल्यावर दहा टक्के फ्लाइट कमी करायला लावल्या, मग ते आधी का नाही?

पायलटची_आत्या

हे मात्र शंभर टक्के मान्य. माझ्या डोक्यात आलं नव्हतं हे. विमानं आधीच कमी केली असती तर तुम्ही आईजवळ असता. आई कशा आहेत आता?

रोस्टरवाले, तुम्ही सरळ युरोपचा आकडा आणलात. पण युरोपात महिन्यातून दोनदा तीच विश्रांती दोन पूर्ण दिवसांची करावी लागते, ते सोडलंत. आणि अमेरिकेचे नियम बदलले ते पण माणसं गेल्यावरच, २००९ ला बफेलोजवळ विमान पडलं, ५० गेले, मग जानेवारी २०१४ पासून दोन ड्युट्यांच्या मध्ये १० तास आणि त्यात ८ तास झोपेची संधी असं आलं. आपल्याकडे निदान आधी करतोय.

मंगळूरबद्दल तुम्ही सांगितलंत ते मला माहीत नव्हतं, वाचून पोटात कसंतरी झालं. पण त्याने तुमची बाजू कशी भक्कम होते? नियमात बसून पण अपघात झाला असता तर नियम कमी पडतोय, आणखी कडक हवा, असं म्हणा ना.

अजून एक. नवीन नियमात होतं की पायलटने रजा घेतली तर ती आठवड्याच्या विश्रांतीत धरायची नाही. ५ डिसेंबरला ते कलम मागे घेतलं. माझ्या भाच्याच्या भाषेत सांगायचं तर त्याने बहिणीच्या साखरपुड्याला दोन दिवस रजा काढली तर तीच त्याची विश्रांती, मांडव घालण्यात आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यात गेलेली. हे तुम्ही शेड्यूलिंगला बसून करत होतात का? रागावू नका, विचारतेय.

रोस्टरवाला

रागावलो नाही. हो, करत होतो. स्क्रीनवर ती रजा हिरव्या चौकोनात दिसते आणि त्या आठवड्याचा विश्रांतीचा कोटा पूर्ण झालेला दिसतो, तुम्ही पुढची पहाटेची ड्युटी टाकता, सिस्टिम लाल दाखवत नाही, म्हणजे कायदेशीर. साखरपुडा होता का ताप होता ते चौकोनात दिसत नाही. ते कलम परत यायला हवं, त्यात मी तुमच्या बाजूने.

पण कडक म्हणजे काय? तुम्ही आकडा घट्ट करत गेलात तर शेड्यूलिंगवाला त्या आकड्याला चिकटून रोस्टर बनवतो, हे मी करून बघितलंय. १० तासांची मर्यादा असेल तर ९ तास ५० मिनिटांची ड्युटी बनते. सोमवारी पहाटे ३, मंगळवारी दुपारी, बुधवारी परत पहाटे, सगळं नियमात, आणि शरीराची मात्र वाट. मला वाटतं खरी गोष्ट फटीग (थकवा) रिपोर्टची आहे. पायलटने मी थकलोय म्हणून कळवलं तर त्याला घरी पाठवायचं, त्याच्या नावापुढे काही लिहायचं नाही, आणि एकाच फ्लाइटबद्दल पाच जणांनी कळवलं तर ती फ्लाइट बदलायची. मी होतो तिथे असा रिपोर्ट आला की पहिला फोन चौकशीचा नसायचा, दुसरा माणूस कुठून आणू याचा असायचा. मग तो पुढच्या वेळी कळवत नाही.

वॉर्डातली_रात्रपाळी

पण दादा, जादा माणसं नसतील तर रिपोर्ट करून काय उपयोग? आमच्याकडे पण मला चक्कर येतेय म्हटलं तर सिस्टर म्हणते बस पाच मिनिटं, दुसरी कोण आहे. घरी जा म्हणायला दुसरी हवी ना कुणीतरी. आकड्याची सक्ती असल्याशिवाय कुठलीच कंपनी जास्तीची माणसं ठेवत नाही.

रोस्टरवाला

हं. याला माझ्याकडे उत्तर नाही. स्टँडबायवर, म्हणजे ऐनवेळी बोलवायला राखून ठेवलेली, माणसं कमीच असायची, हे खरंय. दोन लँडिंगवर मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही, पुणे नागपूर पुणे आणि दुबई एक नाही.

नागपूर_पुणे_वारी

आई बरी आहे आत्या, चालायला लागलीय. पुढच्या महिन्यात परत जायचंय चेकअपला, सकाळी पावणेसहाची फ्लाइट काढली होती स्वस्त मिळाली म्हणून. काल बदलून ११ ची घेतली, सातशे रुपये जास्त गेले.